तीस दिवसांत परत न आलेले

श्रेया मोकासे हॉस्पिटलात नोकरीला लागली तेव्हा तिला तळघरात बसवलं होतं. शहरातलं ते एका ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल. त्याच्या तळघरात कॅज्युअल्टीचे गेल्या कित्येक वर्षांचे केसपेपर गठ्ठे बांधून ठेवलेले. एकेक गठ्ठा सोडायचा आणि त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, एवढंच तिचं काम. वय, गाव, तक्रार, बीपी, ईसीजी, रक्ताचा रिपोर्ट. कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावची मुलगी, बी.एस्सी. झालेली, कष्टाला मागं न हटणारी. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर तिला आठ दिवसांत लागायला लागलं. दोन वर्षांत तिनं आणि आणखी दोघींनी मिळून चौदा हजार केसपेपर चढवले.

या नोंदींवरून एक प्रेडिक्शन मॉडेल तयार होणार होतं. छातीत दुखतंय, जळजळतंय, दम लागतोय असं सांगत कुणी आलं, की पुढच्या तीस दिवसांत त्याच्या हृदयाला धोका किती ते मॉडेल टक्क्यांत सांगणार होतं. मेडिसिनचे प्रमुख डॉ. हेमचंद्र सेलूकर यांची ही कल्पना. छप्पन वर्षांचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. कॅज्युअल्टीत कॉट वीस आणि माणसं साठ. ज्याला खरोखर गरज आहे तोच बाकड्यावर बसून राहतो आणि ज्याला काही झालेलं नाही तो ओरडून कॉट मिळवतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. यातून वाट काढायची म्हणून त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला हाताशी धरलं.

नोंदींचा शेवटचा रकाना होता, ‘तीस दिवसांत काय झालं?’ त्याला तीन पर्याय: पुन्हा भरती, मृत्यू, ठीक. ज्याचा पुढं एकही कागद सापडत नाही त्याच्यापुढं ‘ठीक’ टाकावं, असं सूचनापत्रकात छापलेलं होतं.

एकदा डॉ. सेलूकर तळघरात आले तेव्हा श्रेयानं धीर करून विचारलं, “सर, कागद नाही म्हणजे माणूस बरा झाला, असं कसं म्हणायचं?”

“त्रास झाला असता तर तो आपल्याकडंच आला असता ना?”

“आमच्याकडचे लोक नाही येत, सर. जवळचं गाठतात, कन्नडला जातात. नाहीतर घरीच राहतात.”

सेलूकर थोडा वेळ गठ्ठ्यांकडं पाहत राहिले. “असे असतील थोडे,” ते म्हणाले. “पण प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारायला आपल्याकडं माणसं कुठं आहेत? हजारोंच्या नोंदीत तेवढे थोडे विरून जातील.”

तिला ते पटलं. मोठे डॉक्टर होते, आणि उत्तर प्रेमानं दिलं होतं. चौदा हजारांतल्या सहा हजारांपुढं तिनं आणि तिच्या सोबतिणींनी ‘ठीक’ टाकलं.

मॉडेल सुरू झालं तेव्हा श्रेयाला तळघरातून वर आणलं. कॅज्युअल्टीच्या शेजारच्या खोलीत टेबल मिळालं. औरंगपुऱ्यात एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ती आणि आणखी एक मुलगी भाड्यानं राहायच्या. तिथून ती रोज स्कूटीवर यायची. वर्षातून तीन-चारदा तिची आई मनकर्णाबाई पिशवीभर अद्रक आणि ज्वारीचं पीठ घेऊन त्या खोलीवर यायची. नको म्हटलं तरी दोघी पोरींचे कपडे धुऊन टाकायची, गॅसची शेगडी घासायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पिशोरमध्ये तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, “माझी शिरू डाक्टरांना शिकवती.” श्रेया लाजायची. पण ते तिला आवडायचंही.

मनकर्णाबाई बावन्न वर्षांची, उंच, काटक बाई. घरच्या चार एकरांतलं अद्रक काढायला, धुवायला, निवडायला बाया लावायचं काम तिच्याकडं होतं. नवरा आप्पासाहेब शांत, मोजकं बोलणारा. मोठा मुलगा कृष्णा शेती बघायचा. आजारपणाच्या नावानं तिनं आयुष्यात दोन बाळंतपणांपलीकडं दवाखाना पाहिला नव्हता. त्यामुळं फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी कृष्णा तिला पिकअपमध्ये बसवून थेट हॉस्पिटलात घेऊन आला, तेव्हा श्रेया धावतच बाहेर गेली.

“काय झालं गं आई?”

“काय नाय. दोन दिस झाले, इथं दुखू ऱ्हायलं,” मनकर्णाबाईनं जबड्याला हात लावला. “आन छातीखाली जळजळ. दाढंचं आसंल म्हणलं. पण चार पावलं चाललं की घामच येऊ ऱ्हायला.”

ड्युटीवर डॉ. सुयश होता. एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला, श्रेयाच्याच वयाचा मुलगा. त्यानं नीट तपासलं, ईसीजी काढला, रक्त पाठवलं. तासाभरानं रिपोर्ट आला. ईसीजी साफ, रक्तही ठीक. आईला चहा आणायला कृष्णा कँटीनवर गेला, तेव्हा सुयशनं श्रेयाला बाजूला घेतलं.

“रिपोर्ट चांगले आहेत. पण चालताना घाम येतो ते मला आवडलेलं नाही. पहिल्या रक्तात कधीकधी सापडत नाही. सहा तासांनी परत तपासावं, आजचा दिवस ठेवून घ्यावं असं मला वाटतं.” मग त्यानं कॉम्प्युटरचा स्क्रीन तिच्याकडं वळवला. “हे मात्र घरी पाठवा म्हणतंय.”

हिरवी पट्टी होती. धोका १.८ टक्के.

“हिरव्याला भरती केलं की वर लेखी खुलासा द्यावा लागतो,” सुयश म्हणाला. “तो मी देईन, त्याचं काही नाही. पण एकच कॉट रिकामी आहे, आणि बाहेर दोघं लाल पट्टीचे आहेत. तू काय म्हणतेस? हे काम तुझ्याइतकं इथं कुणी पाहिलेलं नाही.”

श्रेयानं आईकडं पाहिलं. मनकर्णाबाई बाकड्यावरून उठून उभी राहिली होती. “मला नाय ऱ्हायचं इथं,” ती म्हणाली. “उद्या बाया सांगितल्यात अद्रक काढायला. ते हिरवं म्हंजी काय गं?”

“म्हणजे तुझ्यासारख्या शंभर बाया आल्या, तर अठ्ठ्याण्णव जणींना काही होत नाही.”

“आन ते समदं तू लिवलेलं हाय?”

“मी एकटीनं नाही. पण हो, लिहिलंय.”

“मंग खोटं कसं आसंल?” मनकर्णाबाई म्हणाली, आणि पदर खोचून निघायच्या तयारीला लागली.

श्रेया सुयशला म्हणाली, “जाऊ द्या तिला घरी. ती इथं झोपणार नाही, उगाच हाल होतील. त्रास झाला तर परत आणू.”

सुयशनं दोन क्षण तिच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. ॲसिडिटीच्या गोळ्या आणि आठ दिवसांनी दाखवायला या, असं त्यानं कागदावर लिहिलं. कृष्णा चहा घेऊन आला तेव्हा हे सगळं बोलून झालं होतं. पिकअपमध्ये बसताना मनकर्णाबाईनं लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता कृष्णाचा फोन आला. तो रडत होता, त्यामुळं पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. आईला पहाटेपासून दरदरून घाम सुटला होता, गाडीत घालून शहराकडं निघाले होते, आणि फुलंब्री यायच्या आधीच तिनं मान टाकली होती. फुलंब्रीच्या डॉक्टरनं पाहिलं आणि माघारी न्या म्हणाला.

श्रेया दुपारी पिशोरला पोचली. अंगणात माणसं होती. आईच्या पायांच्या भेगांत अजून शेतातली माती होती. ती तिनं ओल्या फडक्यानं पुसली. दुसरं काही करायला तिला सुचलं नाही.

दहाव्याच्या दिवशी सगळे नदीवरून परत आले, जेवणं झाली, पाहुणे पांगले. आप्पासाहेब ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “श्रेया, बुधवारी तिथं डाक्टर काय म्हणला व्हता?”

“तपासलं होतं, आप्पा. सगळे रिपोर्ट चांगले होते.”

“आन तुमची ती मशिन?”

“तीपण काही नाही म्हणाली.”

“मंग नशीबच,” आप्पासाहेब म्हणाले.

ठेवून घ्यावं असं सुयश म्हणाला होता, हे सांगायला श्रेयानं तोंड उघडलं होतं. पण कृष्णा तांब्या घेऊन आला, आणि ते राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, तिनं राहू दिलं. पुढं तिनं स्वतःशी हे कबूल केलं.

ती कामावर परतली. डॉ. सेलूकर तिच्या टेबलापाशी आले, खांद्यावर हात ठेवून गेले. सुयश तिची नजर टाळायचा. मार्च महिना असाच गेला. दर महिन्याच्या शेवटी नव्या नोंदी मॉडेलला पुन्हा शिकवायला पाठवल्या जायच्या आणि पाठवण्याआधी त्या तपासायचं काम श्रेयाकडं होतं. ती यादीवरून बोट फिरवत खाली येत होती. आणि एका ओळीवर थांबली.

मनकर्णाबाई आप्पासाहेब मोकासे. वय ५२. पिशोर. जबडा दुखणे, जळजळ, घाम. घरी पाठवले. तीस दिवसांत काय झालं: ठीक.

कुणी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं. आता तर कुणाला लिहावंही लागत नव्हतं. तीस दिवसांत माणूस परत आला नाही की तो रकाना आपोआप भरला जायचा.

श्रेया किती वेळ बसून राहिली हे तिला कळलं नाही. शेजारच्या मुलीनं पाणी आणून दिलं. ते न पिता ती उठली, त्या पानाची प्रिंट काढली आणि सेलूकरांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्यापुढं ठेवली.

सेलूकरांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “तुझं दुःख मी समजू शकतो, श्रेया. ही नोंद आपण आत्ता दुरुस्त करू. पण एका केसवरून मॉडेल चुकतंय असं म्हणता येत नाही.”

“मग किती लागतील, सर?”

सेलूकरांनी पुन्हा चष्मा लावला आणि कागद जवळ ओढला.

“मी तुम्हाला तळघरात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, थोडे असतील, विरून जातील. माझी आई विरून गेली, सर. पुढच्या महिन्यात मॉडेल तिच्यावरूनच शिकणार आहे. जबडा दुखणारी, घाम येणारी, खेड्यातली बाई. घरी पाठवली, ठीक राहिली.”

सेलूकरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “फोन लाव. जितक्यांना लागतील तितक्यांना. मी पत्र देतो. या महिन्याच्या नोंदी पाठवू नकोस.”

तिनं यादी काढली. चाळिशीच्या पुढच्या, बाहेरगावच्या, जबडा किंवा पाठ दुखते, जळजळ होते म्हणून आलेल्या, घरी पाठवलेल्या आणि पुढं ज्यांचा कागद नाही अशा बायका. चारशे बारा नावं निघाली. कुणाचा नंबर बंद, कुणाचा बदललेला. तरी तीन आठवड्यांत दोनशे त्रेसष्ट घरांशी बोलणं झालं. जेवणाच्या सुट्टीत सुयश येऊन बसायचा आणि अर्धी यादी स्वतःकडं ओढून घ्यायचा.

पहिल्याच दिवशी लासूर स्टेशनच्या एका माणसानं फोन घेतला. पुंडलिक त्याचं नाव. आडत बाजारात हमाली करायचा. मागं पोत्यांचे, माणसांचे आवाज येत होते. श्रेयानं हॉस्पिटलचं नाव सांगितलं, बायकोची तब्येत विचारली.

“ती गेली ना, ताई.”

“कधी?”

“तुमच्याकडनं आणली त्याच्या पाचव्या दिशी. तीन वर्सं झाली.” तो थांबला. “तुमी आता फोन करू ऱ्हायले?”

“हो, काका. आम्ही तेव्हाच करायला हवा होता.”

पुंडलिक बाजूला गेला असावा. मागचे आवाज कमी झाले. मग त्यानं विचारलं, “ताई, तिला झालं काय व्हतं, ते तरी सांगा. लोक म्हणायले करणी झाली. माझी भावजय अजून आमच्या घरचं पाणी पीत नाय.”

“करणी नव्हती, काका,” श्रेया म्हणाली. “बहुतेक हृदयाचा झटका होता. तो आम्हाला ओळखता आला नाही.”

“मंग लिहून देता का तेवढं? घरात दाखवतो.”

तिनं त्याचा पत्ता लिहून घेतला.

चिंचोलीच्या कडुबा नावाच्या म्हाताऱ्यानं मात्र फोन उचलताच आरडाओरडा सुरू केला. “काय झालं म्हंजी? काय बी झालं नाय तिला! सकाळधरनं भांडू ऱ्हायली माझ्याशी. घ्या, तिच्याशीच बोला.” आणि एक खणखणीत बायकी आवाज फोनवर आला. ती बाई पाच मिनिटं आपल्या नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती. श्रेया हूं हूं करत राहिली. मृत्यूच्या कुठल्याही फोननंतर ती रडली नव्हती. हा फोन ठेवल्यावर मात्र तिला आवरेना. सुयशनं खोलीचं दार लोटून घेतलं.

दोनशे त्रेसष्ट बायकांपैकी बावीस महिन्याच्या आत वारल्या होत्या. घरी, शेतात, गाडीत, वाटेवर. आणखी सतरा जणींना दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यात हृदयविकारासाठी भरती करावं लागलं होतं. या एकोणचाळीसही जणींच्या नावापुढं ‘ठीक’ होतं.

बैठकीत पुण्याच्या कंपनीचा माणूस म्हणाला की मॉडेलची अचूकता चौऱ्याण्णव टक्के आहे. हॉस्पिटलचे व्यवस्थापक म्हणाले, बंद केलं तर कॅज्युअल्टी पुन्हा तुंबेल, बाहेर बभ्रा होईल. सगळ्यांचं बोलून झाल्यावर डॉ. सेलूकर उठले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

“कोण परत येणार नाही, हे मॉडेल अगदी बरोबर सांगत होतं,” ते म्हणाले. “परत न येण्याला बरं होणं म्हणालो, ते आपण. या मुलीनं मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. घरोघरी विचारायला माणसं नाहीत असं मी म्हणालो. माणसं होती. मी मागितली नाहीत.”

त्याच दुपारी त्यांनी कॅज्युअल्टीतला स्क्रीन स्वतःच्या हातानं बंद केला. व्यवस्थापनानं त्यांना नोटीस दिली, ती त्यांनी घेतली. आणि श्रेयाला म्हणाले, “मला तुमच्या घरी यायचंय. तुझ्या वडिलांना मीच सांगायला हवं.”

एप्रिलच्या उन्हात ते दोघं पिशोरला गेले. आप्पासाहेबांनी खाटेवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. कृष्णा दाराला टेकून उभा राहिला. सेलूकरांनी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. नोंदी कशा केल्या, कुठं चुकलं, किती बायका गेल्या. “तुमच्या पत्नीला घरी पाठवायला नको होतं. चूक माझी आहे, आप्पासाहेब. मी माफी मागायला आलोय.”

आप्पासाहेब खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “डाक्टर, तुमी एवढ्या लांबून आले, लई झालं. मला शिक्षण नाय. एकच सांगा. त्या दिशी तिथं इतके डाक्टर व्हते. एकाला बी वाटलं नाय का, का बाईला ठेवून घ्यावं?”

सेलूकरांनी काही बोलायच्या आधी श्रेया म्हणाली, “वाटलं होतं, आप्पा.”

“कोणाला?”

“जो डॉक्टर तपासत होता त्यालाच. आजचा दिवस ठेवू म्हणाला होता. त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, घरी जाऊ द्या. हिरवी पट्टी होती ना, म्हणून. मी म्हणाले, आप्पा. आणि दहाव्याला तुम्ही विचारलं तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही.”

कृष्णा दारातून पुढं आला. “काय म्हणली तू?”

आप्पासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते उठले, टोपी घातली. “डाक्टरांना चहा दे, कृष्णा,” म्हणाले, आणि वहाणा पायात सरकवून शेताकडं निघून गेले. श्रेया आणि सेलूकर तासभर थांबले. ते आले नाहीत.

सहा महिने गेले. हॉस्पिटलात एक नवी खोली उघडली. घरी पाठवलेल्या प्रत्येक माणसाला तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी तिथून फोन जायचा आणि फोन लागला नाही तर गावातल्या आशा सेविकांना विचारलं जायचं. जोवर नक्की कळत नाही तोवर रकाना रिकामा ठेवायचा, तो आपोआप भरायचा नाही, हे श्रेयानं सेलूकरांकडून लेखी घेतलं होतं. मॉडेल नव्यानं शिकत होतं. पण वर्षभर ते फक्त पडद्यामागं चालणार होतं, डॉक्टरांना दिसणार नव्हतं, आणि खेड्यातल्या बायकांसाठी ते किती चुकतं हे वेगळं मोजलं जाणार होतं. ठेवून घेणाऱ्या डॉक्टरनं खुलासा देण्याचा नियम रद्द झाला. पुंडलिकला सेलूकरांच्या सहीचं पत्र गेलं. ही सगळी कामं श्रेया मन लावून करायची. त्यानं बरं वाटत नसे. पण घरी बसून आणखी वाईट वाटलं असतं.

पिशोरला ती दर महिन्याला जायची. कृष्णा तिच्याशी पहिल्यांदा तुटक, मग हळूहळू नीट बोलायला लागला. आप्पासाहेब मात्र बोलायचे नाहीत. समोरासमोर जेवायचे आणि कृष्णाला सांगायचे, “तिला भाकर वाढ म्हणावं.”

दिवाळीला ती चार दिवस राहिली. आईशिवायची पहिली दिवाळी, घरी फराळ केला नव्हता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात गेली. आप्पासाहेब अद्रकीच्या सरीत बसून तण काढत होते. ती शेजारच्या सरीत बसली आणि तीही काढू लागली. अर्धी सरी संपेपर्यंत दोघं तसेच होते.

मग आप्पासाहेब तिच्याकडं न पाहता बोलू लागले. “तिला शुक्रवारी सांच्यापासनं दुखू ऱ्हायलं व्हतं.”

श्रेयाचे हात थांबले.

“मी म्हणलं, गाडी काढू. शिरूला फोन लावू. तिनं लावू दिला नाय. म्हणली, शिरूनं तपासून सांगितलंय काय नाय म्हणून. आता फोन केला तर पोर घाबरंल, आन तिथं लोक तिला हासतील का हिची आई उगंच येती. पहाटंपस्तोर तशीच बसून व्हती भिंतीला टेकून.” त्यांनी मुठीतलं तण बांधावर फेकलं. “गाडीत बी तेच. म्हणली, शिरूला बोल लावू नका. एवढंच म्हणली.”

“तुम्ही मला हे सांगितलं नाही, आप्पा.”

“नाय सांगितलं.” त्यांनी आणखी एक तण उपटलं. “तुला तेवढ्यानं बरं वाटलं आसतं. म्हणून नाय सांगितलं. मला तुला बरं वाटू द्यायचं नव्हतं.”

श्रेयानं तोंडावर हात धरला. हाताला माती होती, ती ओठांना लागली. आपल्याला बरं वाटतंय की अधिकच काही तुटतंय, हे तिला सांगता आलं नसतं. फोन करू नका, हे आईनं तिच्यावरच्या विश्वासानं सांगितलं होतं. आणि सुयशच्या शब्दापेक्षा पट्टीचा शब्द मोठा धरून तो विश्वास आईला तिनंच दिला होता.

ती बराच वेळ रडली. आप्पासाहेबांनी ते ऐकलं. ते उठून जवळ आले नाहीत. पण सरी सोडून गेलेही नाहीत. उन्हं वर आली तेव्हा ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली.

“श्रेया. ऊन झालं. सावलीत चल.”

ती उठली आणि त्यांच्या मागोमाग बांधावरून चालू लागली.